दिठावलेलं वाण

आमची कुत्री पवळी माजावर आली त्या सकाळी माझ्या सुनेनं तिच्या तोंडात कापसाची काडी घातली, आणि आमच्या घराची चाळीस वर्षांची अब्रू त्या काडीला चिकटून बाहेर आली.

मी सत्यव्वा बंडगर. जत तालुक्यात माळावर आमची वस्ती आहे, बाभळी आणि पवनचक्क्या यांच्या मध्ये. मेंढरं दीडशे, माणसं तीन : मी, मुलगा बिराप्पा, सून शेवंता. आणि कुत्री. साधी न्हवेत, कारवानी. लांब मानेची, पोट पाठीला लागलेलं. शहरातली माणसं बघतात आणि मला विचारतात, याला खायला घालत नाही का. मी सांगते, तुमच्यासारखं बसून खात नाही ते.

कारवानी कुत्रं नाकावर चालत नाही, डोळ्यावर चालतं. चार शेतं पलीकडे लांडग्याचा कान हलला तरी त्याला दिसतो. आमच्याकडे लांडगा अजून आहे. सरकारनं त्याच्या गळ्यात पट्टा घालून त्याला मोकळा सोडलाय. तो कुठं फिरतो ते पट्ट्यामुळं कचेरीत कळतं, मेंढरांना कळत नाही. म्हणून आम्हाला कुत्री लागतात.

आमच्या घरचं पिल्लू आम्ही कधी विकलं नाही. ज्याला पाहिजे त्यानं दसऱ्याला यायचं, उंबऱ्यावर नारळ ठेवायचा. मी तो उचलून आत नेला की शब्द झाला. पवळीच्या पहिल्या वेतासाठी सात नारळ आत गेले होते. पवळीला अजून नर दाखवलेला नव्हता, तरी सात. एवढी ओढ कशाची, तर आमची कुत्री दिठावतात म्हणून.

दिठावणं म्हणजे नजर लागणं. माझ्या सासऱ्याचा राजा नावाचा कुत्रा होता. त्याला जत्रेत नेला की माणसं देव सोडून त्याला बघायची. चार वर्षांचा झाला आणि तिन्हीसांजेला कुंपणाला धडकायला लागला. पाचव्या वर्षी डोळे साफ गेले. सासरा म्हणाला, हजार माणसांनी डोळे लावले, त्यांनी याचे नेले. तिथनं आमच्या घरात ते धरूनच चाललं, की देखणं असेल तेच दिठावतं, आणि दिठावेल तेच खरं. मग घरची मादी दाखवायची ती दिठावलेल्या नरालाच. त्याची लेक झाली तरी तिलाही त्याच्याचकडे, नाहीतर त्याच्या भावाकडे. मादी घराबाहेर द्यायची नाही, बाहेरचा नर आत घ्यायचा नाही. मी सून होऊन आले आणि हे सगळं सासऱ्यापेक्षा रंगवून सांगायला शिकले. मी सांगत असले की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

तर ती काडी.

तीन वर्षांमागं कायदा आला, की परवान्याशिवाय कुत्रीला वेत नाही. शहरात लोक हौसेनं पिल्लं काढायचे आणि थोराड झाली की हमरस्त्यावर सोडून द्यायचे, त्यावर हा इलाज. परवान्याच्या कागदावर विचारतात : मादीचं वय किती, तिचं अंग धड आहे का, होतील तेवढ्या पिल्लांना घरं ठरली आहेत का, आणि दोन्हीकडच्या रक्तात काही रोग आहे का. शेवंता जनावरांच्या दवाखान्याची पशुसखी आहे, बारावी झालेली. ती मला एकेक विचारत गेली. वय अडीच वर्षं, अंग खणखणीत, घरं सात. रोगाचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, लिही, नाही.

"ते मी लिहायचं नसतं आत्या. ते पाटी लिहिते."

पाटी म्हणजे वेतपाटी. दवाखान्यानं प्रत्येक पशुसखीला एकेक दिली आहे. भाकरीच्या परातीएवढी काच, तिच्या कडेला दोन भोकं. एका भोकात मादीची काडी घालायची, दुसऱ्यात नराची. शेवंतानं पवळीच्या गालाच्या आतून काडी फिरवली आणि आमच्या भुऱ्याच्याही. भुऱ्या म्हणजे पवळीच्या आईचा धाकटा भाऊ, दिवसा बघणारा पण तिन्हीसांजेला अडखळायला लागलेला, म्हणजे आमच्या हिशेबानं दिठावलेला. मग चुलीवर आमटी ठेवून आली. आमटीला उकळी फुटेपर्यंत पाटीनं वाचून संपवलं होतं.

काय वाचलं ते मला तिनं तीनदा सांगितलं, म्हणून आता मीही सांगू शकते. कुत्र्याच्या अंगाच्या कणाकणात धाग्यांच्या एकोणचाळीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतला एक धागा आईचा, एक बापाचा. त्या धाग्यांवर अंग कसं बांधायचं ते लिहिलेलं असतं. एका धाग्यावर चूक असली तर दुसरा सांभाळून घेतो, बाहेर काही दिसत नाही. दोन्ही धाग्यांवर तीच चूक आली की सांभाळायला कोणी उरत नाही. आणि आईबाप एकाच आज्याचे असले तर चूकही तीच दोन्हीकडनं यायची, दुसरीकडनं आणायची कुठनं? आमच्या कुत्र्यांची चूक डोळ्यांची होती. डोळ्याच्या आतल्या पडद्यात अंधुक उजेडात बघायच्या पेशी वेगळ्या आणि लख्ख उन्हात बघायच्या वेगळ्या. आधी अंधुकातल्या मरतात, म्हणून कुत्रं तिन्हीसांजेला अडखळतं. मग उन्हातल्या.

पण पाटी नुसतं वाचून थांबत नाही. ती दाखवते. तिनं पवळीचे आणि भुऱ्याचे धागे पिसून अजून न झालेली दहा पिल्लं काचेवर सोडली. खरी वाटावीत अशी. एकाच्या कपाळावर पवळीचा पांढरा टिळा होता. ती वाढायला लागली, कोपऱ्यात महिने पळायला लागले. समोरून उजेडाचा एक ससा जायचा आणि दहाच्या दहा त्याच्यामागं सुटायची. बारा महिने, वीस महिने. मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. चोवीस महिन्यांनंतर ससा संध्याकाळच्या उजेडात गेला तेव्हा पाचांनीच मान वळवली. अठ्ठेचाळिसाव्या महिन्यात ससा त्यांच्या पायांसमोरून गेला. एकानंही बघितलं नाही.

"दहापैकी दहा," शेवंता म्हणाली. "पवळीच्याही दोन्ही धाग्यांवर आहे आत्या. तिचेही डोळे जाणार. वर्ष-दीड वर्ष."

बिरा दारात उभा राहून बघत होता. त्याच्यासमोरच मी ती पाटी उचलली आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर फेकली. फुटली नाही. असल्या वस्तू फुटतसुद्धा नाहीत. उलट त्या झटक्यानं दहाही पिल्लं पुन्हा लहान होऊन पळायला लागली.

शेवंतानं ती पुसून आणली आणि मला आणखी एक दाखवलं. सरकारी यादीतला एक दूरचा नर, मुधोळकडचा, ज्याच्या धाग्यांवर ती चूक नाही. त्याच्याबरोबर पवळी लावली तर एकही पिल्लू आंधळं होत नव्हतं. म्हटलं, मग झालं तर. ती म्हणाली, झालं नाही. प्रत्येकाच्या एका धाग्यावर चूक राहणारच. ती सात घरांत जाणार. पुढं त्या सात घरांनी भाऊ-बहीण एकत्र केले की पुन्हा आंधळी. पाटी लावून नर निवडतील अशी त्यातली किती घरं?

मी सातही घरं ओळखते. सगळी माझ्यासारखीच आहेत. एकही नाही.

त्या दिवशी मी सुनेला बोलू नये ते बोलले. तुझ्या माहेरी कुत्रं पाळायची ऐपत नव्हती म्हणून तुला हे सुचतं, इथपर्यंत गेले. तिनं पवळीला खोलीत घालून कडी लावली आणि भुऱ्याला लांबच्या झाडाला बांधला. राग कशाचा म्हणाल, तर तिचा न्हवताच. मेंढरांचा नर आम्ही दर दोन वर्षांनी बदलतो. स्वतःच्या लेकींवर मेंढा ठेवला तर कोकरं पांगळी होतात, हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्यासाठी मी चाळीस चाळीस मैल चालून दुसऱ्या कळपातला मेंढा आणला आहे. मेंढराच्या बाबतीत डोकं होतं, कुत्र्याच्या बाबतीत ते मिरवण्यात गेलं. आंधळं झालेलं शोधून शोधून त्याचाच वंश वाढवला. एखादं कुत्रं म्हातारपणापर्यंत बघत राहिलं तर मी त्याला हलकं म्हणायचे.

तरी मी नारळ परत केले नाहीत. म्हटलं, बघू.

बघू म्हटलं आणि चौथ्या दिवशी बिरा एका माणसाला घेऊन आला. नाव सौमित्र. मृदुश्वान नावाची पुण्याकडची कंपनी, तिचा माणूस. पांढरे बूट घालून माळावर आलेला. मला वाकून नमस्कार केला, आजी म्हणाला, पवळीला बिस्कीट चारलं, हातमोजा घालून तिच्या गालाला, ओठांना आतबाहेर कुरवाळलं, मग झाडापाशी जाऊन भुऱ्यालाही. मला वाटलं, कुत्र्याची माया आहे बिचाऱ्याला.

बिरानं सांगितलं, कंपनी मोठं आवार बांधणार आहे, कुत्र्यांच्या चांगल्या घराण्यांसाठी. आमच्या घराण्याला तिथं आमचं नाव देणार. बंडगर वाण. फलकावर, कागदावर, परदेशात जाईल तिथंसुद्धा. आणि बिरा तिथला व्यवस्थापक. बिरा चौतीस वर्षांचा आहे, मेंढरांमागं चालून चालून त्याचे गुडघे माझ्यापेक्षा आधी गेले. त्याचं तोंड असं फुललेलं मी त्याच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

सौमित्र म्हणाला, आजी, तुमच्या तोंडून या घराण्याची गोष्ट ऐकायची आहे. मनगटावरचं यंत्र त्यानं माझ्यापुढं धरलं.

आता इथं मी स्वतःला सोडणार नाही. मला चार दिवसांपूर्वी सगळं कळलं होतं. धागे, पडदा, पेशी, सगळं. शेवंता तिथंच भाकरी थापत बसली होती, तिच्या डोळ्यांत बघायला नको म्हणून मी पाठ फिरवून बसले आणि सुरू केलं. राजाची जत्रा, हजार माणसांचे डोळे, दिठावतं तेच खरं, आम्ही मुद्दाम दिठावलेलीच निवडतो. आयुष्यात इतकं छान कधी सांगितलं नव्हतं. बंडगर वाण. सासऱ्याचं नाव परदेशात.

शेवंताचं थापणं थांबलं होतं. तव्यावरची भाकरी करपली.

माझं सांगून झालं आणि सौमित्र म्हणाला, अगदी हेच हवं होतं. मग त्यानं त्यांचा बेत मोकळा केला. शहरात आता माणसं पन्नासाव्या मजल्यावर राहतात. त्यांना कुत्रं पाहिजे ते उंच, देखणं, फोटोत राजबिंडं दिसणारं. पण असली कुत्री खिडकीतून कबुतर दिसलं तरी काच फोडायला बघतात, दार उघडलं की सुटतात, जिन्यावरनं वारं होतात. लोक वैतागून परत आणून देतात. कंपनीनं पुष्कळ शोधल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की न दिसणारं कारवानी पळत नाही. पायाशी बसून राहतं. मालकाच्या आवाजावर जगतं. आणि पवळी-भुऱ्याची दहाच्या दहा पिल्लं तशी होणार, हे पाटीनं लिहूनच दिलंय. त्यांच्या प्रयोगशाळेत ती चूक अलीकडं ओढून आठव्या महिन्यातच डोळे जातील असं करता येतं. त्यांनी नावही ठरवलं होतं. शांत वाण.

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, म्हणजे आंधळी होऊ नयेत म्हणून तुम्ही काही करणार ना?

"नाही आजी. व्हावीत म्हणूनच."

मी बिराकडं बघितलं. त्यानं खाली बघितलं. त्याला आधीच माहीत होतं.

सौमित्र समजावत राहिला. त्यांना त्रास नसतो, म्हणाला, जन्मापासून जवळजवळ तसंच असलं की काय गेलं ते त्यांना कळतच नाही. मी त्याचा हात धरला आणि त्याला गोठ्यामागं नेलं. तिथं हौशा असतो. हौशा सात वर्षांचा, राजाच्याच रक्ताचा, डोळे जाऊन तीन वर्षं झालेला. आम्ही उभे होतो तेवढ्यात खाली ओघळीतून खोकड, आमच्याकडचं लहान कोल्हं, निघालं. भाकरी आटोपून शेवंतानं भुऱ्याला फिरवायला सोडला होता. तो सुटला. त्याच्या पायांचा आवाज ऐकून हौशा उठला, कान ताठ करून दहा पावलं जोरात पळाला आणि थबकला. एक पाय वर. सगळं अंग थरथर कापत होतं. खोकड कुठं चाललंय ते आवाजावरनं कळेल तसं तोंड फिरवत होता, आणि पुढं पाऊल टाकत नव्हता. मग घशातनं एक आवाज काढला. तो मला सांगता यायचा नाही.

मी म्हटलं, बघ, कळतं का नाही त्याला.

सौमित्र म्हणाला, फ्लॅटमध्ये पळायला जागाच नसते आजी, त्यामुळं तो प्रश्न येत नाही.

त्याला मी वस्तीच्या हद्दीपर्यंत पोचवला. पोचवताना काय काय म्हटलं ते बिरानं नंतर शेवंताला सांगितलं, आणि शेवंता म्हणाली, एवढंच होय, मला वाटलं जास्त असेल. परत येऊन मी पवळीच्या खोलीची कडी तपासली. भुऱ्याच्या साखळीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली. मादी आपल्या ताब्यात, नर आपल्या ताब्यात. म्हटलं, आता कसं वेत काढतील ते बघते.

तिसरीत शाळा सोडलेली बाई मी. मला काय माहीत की मादी लागतच नाही.

बारा दिवसांनी शेवंता पाटी घेऊन माझ्याजवळ आली. परवान्याच्या प्रत्येक अर्जावर हरकत घ्यायला पंधरा दिवस देतात, ते अर्ज पशुसखींच्या पाटीवर येतात. तिथं पवळीचं नाव होतं. भुऱ्याचं नाव होतं. पिल्लं : चाळीस.

तिनं समजावलं. गालाच्या आतल्या पेशी घ्यायच्या. औषधांनी त्यांचं वय उलटं न्यायचं, गर्भात असतात तितक्या कोवळ्या करायच्या. मग त्यांना अंडाशयातल्यासारखं वाढवायचं, की त्यांची बीजांडं होतात. नराच्या पेशींचं तसंच बीज होतं. काचेत जुळवायचं आणि परक्या गावठी माद्यांच्या पोटात ठेवायचं. पवळी कडी लावलेल्या खोलीत झोपलेली असली तरी ती चाळीस पिल्लांची आई होऊ शकत होती. सौमित्रचा हातमोजा. कुरवाळणं. त्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत तिच्या तोंडातून चाळीस पिल्लं काढून नेली आणि मी त्याच्या मायेचं कौतुक केलं.

मालकाची संमती लागते. पवळी आणि भुऱ्या दोघंही बिराच्या नावावर. सही त्याची.

बिरा मेंढरं घेऊन परत आला तेव्हा मी दारातच बसले होते. मी त्याला ओरडले नाही. मी ओरडत नाही तेव्हा तो जास्त घाबरतो. विचारलं, तुला ठाऊक होतं ना ती आंधळी होणार. तो म्हणाला, आये, ठाऊक होतं की. आपल्या घरात कुठलं कुत्रं डोळस राहिलंय? तू आयुष्यभर त्याचंच कौतुक केलंस. मी केलं तर पाप?

मी त्याला मुस्काटात मारली. चौतीस वर्षांच्या माणसाला. त्यानं गाल चोळला आणि म्हणाला, हात दुखला असंल तुझा, पाणी गरम करून दे म्हणावं का शेवंताला. त्याचा तो स्वभाव माझ्यावरच गेलाय.

मी हरकत घेतली, तिची सुनावणी जतला झाली. अधिकारी एक बाई होत्या, दिघे नावाच्या, बारीक, सर्दी झालेल्या. एका बाजूला कंपनीचा वकील, सौमित्र आणि त्यांच्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बिरा. दुसऱ्या बाजूला मी आणि शेवंता. मागं बाकांवर नारळ ठेवणाऱ्यांपैकी पाच घरची माणसं आली होती. कायद्यात एकच मुद्दा होता. जाणूनबुजून रोगी वेत काढायला बंदी आहे. कंपनीचं म्हणणं, हा रोग नव्हे, हा गुण. या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम निवडून जपलेला गुण. आणि पुरावा म्हणून वकिलानं एक आवाज लावला.

माझा.

भिंतीतल्या कर्ण्यातनं मी बोलत होते. राजा, जत्रा, हजार माणसांचे डोळे. दिठावतं तेच खरं. मागच्या बाकांवरची माणसं मान डोलावत होती. त्यांनी हे दहादा ऐकलेलं, तरी अकराव्यांदा कौतुकानं ऐकत होती. माझाच आवाज मला इतका गोड लागेल असं वाटलं नव्हतं. तो संपला तेव्हा दिघेबाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, आजी, हा आवाज तुमचा?

मी उठले. म्हटलं, माझाच. आणि ज्या दिवशी हे बोलले त्या दिवशी मला खरं काय ते माहीत होतं. पाटीनं चार दिवस आधी सांगितलं होतं. मला माझ्या घराचं नाव मोठं झालेलं बघायचं होतं म्हणून मी हे बोलले. नजरबिजर काही नाही. आम्ही काका-पुतणी, बाप-लेक एकत्र करत गेलो आणि कुत्र्यांचे डोळे घालवले. चाळीस वर्षं. त्यातली तीस तर माझ्या एकटीच्या हुकमानं.

मागं बाकावर कुरकुर सुरू झाली. दादू गडदे, त्याच्या घरी आमची दोन कुत्री आहेत, तो मोठ्यानं म्हणाला की म्हातारीला सुनेनं फितवलंय. मी वळून त्याला सांगितलं, दादू, तुझ्या कुत्र्यांना घरी जाऊन तिन्हीसांजेला भाकरीचा तुकडा टाकून बघ, आणि मग बोल.

वकील सभ्य होता. त्यानं विचारलं, पण ही कुत्री शांत असतात हे तर खरं ना?

मी म्हटलं, "शांत नसतात. घाबरलेली असतात. पुढं पाऊल टाकायला भीती वाटते म्हणून बसून राहतात. तुमच्या पायाशी बसतात ते मायेनं न्हवं, तुम्ही गेलात तर भिंत कुठं आणि जिना कुठं ते सांगणारं कोणी नसतं म्हणून. असलं चाळीस करायला निघालात तुम्ही. आम्ही केलं ते अडाणीपणानं. तुम्ही हिशेब करून करताय."

दिघेबाई थोडा वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, रोग आहे हे मी नोंदवते. आता एकच राहिलं. संमती देणाऱ्यानं जबाबात लिहिलंय की त्याला पाटीचा निकाल कोणी दाखवला नव्हता. तसं असेल तर हा रोग आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कंपनीनंही गुण समजून चांगल्या भावनेनं अर्ज केला असं धरावं लागेल, आणि दुरुस्ती करून तो पुन्हा देता येईल. त्याला माहीत होतं असं सिद्ध झालं तर अर्ज कायमचा बाद. पेशीसुद्धा जाळाव्या लागतील. पण मग संमती देणाऱ्यालाही शिक्षा आहे. दोन वर्षं कुठलंही जनावर नावावर ठेवता येणार नाही.

कुठलंही जनावर. दीडशे मेंढरं, तीही बिराच्याच नावावर. आमच्यात माणूस मेल्यावरच त्याच्या नावावरची मेंढरं उतरतात.

बिरा माझ्याकडं बघत होता. त्या बाजूच्या खुर्चीतून तो मला पुन्हा सहा वर्षांचा दिसला. वकिलानं त्याला काय पढवलं होतं ते मला कळलं. शेवंतालाही ठाऊक होतं सगळं, पण तिनं मान खाली घातली. नवऱ्याविरुद्ध तिला कसं बोलायला सांगू? आणि पाटी सांगते ती धाग्यांचं. दारात कोण उभं होतं ते ती सांगत नाही.

दिघेबाईंनी विचारलं, आजी, तुमच्या मुलाला माहीत होतं?

मी म्हटलं, होतं. मी पाटी फेकली तेव्हा तो दारात उभा होता. त्यानं दहाच्या दहा बघितली.

बिरानं डोळे मिटले. बाहेर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला. एवढंच.

जबाबाखाली अंगठा चालेल म्हणाले. मी म्हटलं, अंगठा नको, मी लिहीन. मला नाव लिहायला वेळ लागतो. वकील, सौमित्र, दिघेबाई, सगळे तोवर ताटकळत उभे राहिले. राहू देत की.

नारळ त्याच आठवड्यात परत केले. सातातल्या दोन घरांनी ते माझ्यासमोर ओढ्यात फेकले. ज्या घरांत आमची कुत्री आधी गेली होती त्या प्रत्येक घरी शेवंता आणि मी काडी घेऊन गेलो. निम्म्यांनी दार उघडलं. पवळीचं ऑपरेशन माज उतरून दोन महिने झाल्यावर करायचं ठरलंय, भुऱ्याचं झालं. आमच्या घरचं कारवानी आमच्यापाशी संपणार. त्याचं वाईट वाटतं का, असं मला विचारायला येऊ नका.

पण हे सगळं पुढचं. सुनावणी संपली त्या दुपारी आम्ही तिघं कचेरीच्या पायऱ्यांवर उभे होतो. कंपनीची गाडी बिराला न घेताच निघून गेली होती. बराच वेळ तो चपलेनं खडी उकरत होता. मग म्हणाला, तू म्हणालीस ते बरोबरच हाय, आये. पण आता मेंढरं कुणाच्या नावावर?

मी म्हटलं, शेवंताच्या.

त्यानं तिच्याकडं बघितलं. ती लांब बघत होती, पवनचक्क्यांकडं.

"आणि मी?"

"तू जा की हाकायला," मी म्हटलं. "रोज सकाळी तिला विचारून."